न निजलेलं जनुक

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरहून गेलेलं एक छोटं टिपण छापून आलं. लेखक शुक्ला आणि सोलंकी. विषय होता मध्य भारतात आढळणारा सिकलसेलचा गुणधर्म. त्याच वर्षी ‘ब्लड’ या अमेरिकी नियतकालिकातही त्यांनी याच आजारावर लिहिलं. तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार, असंच पाठ्यपुस्तकं सांगत होती. भारतात तो असल्याची खबर जेमतेम सहा वर्षं जुनी होती. १९५२ मध्ये हर्मन लेहमन आणि मारी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत तो दिसला आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही सापडला. नागपूरची गोष्ट मात्र वेगळी होती. इथे ना डोंगर, ना चहामळा. आजार होता तो शहराच्या दवाखान्यात रोज येणाऱ्या माणसांच्या रक्तात.

तेव्हाची तपासणी साधी होती. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडेने व्हॅसलिन किंवा मेण लावायचं. ते द्रावण थेंबातला ऑक्सिजन ओढून घेतं. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वाट बघायची. निरोगी तांबड्या पेशी गोलच राहतात. दोष असलेल्या पेशी हळूहळू लांबट होतात, दोन्ही टोकांना निमुळत्या होतात आणि विळ्याच्या पात्यासारख्या वाकतात. ज्यांनी हे काचेखाली पाहिलंय त्यांना आजाराचं नाव समजावून सांगावं लागत नाही. पण या तपासणीत एक मोठी उणीव होती. आई-बाप दोघांकडून दोष आलेला रुग्ण आणि एकाकडूनच आलेला धडधाकट वाहक, दोघांच्याही पेशी काचेखाली वाकत. कोण आजारी आणि कोण नुसता वाहक, हे त्या थेंबावरून कळत नसे.

ते टिपण निघालं तेव्हा नागपूर आणि मराठवाड्यातलं हिंगोली एकाच राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशातून विदर्भ आणि हैदराबाद राज्यातून मराठवाडा असे दोन्ही भाग मुंबई राज्यात आले. स्वातंत्र्याआधी पैनगंगेच्या अलीकडे, हिंगोलीच्या बाजूला, निजामाचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांनी चालवलेला वऱ्हाड प्रांत. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता. नदीच्या अलीकडे कळमनुरी आणि औंढा नागनाथच्या बाजूला आंध समाजाची जुनी गावं आहेत. पलीकडे पुसद-उमरखेडकडेही आंधांची घरं, आणि पुढे यवतमाळ जिल्ह्यात कोलाम, गोंड, परधान. कागदावर राज्यं बदलत राहिली, तरी रक्तातून चालत आलेल्या गोष्टींना नदी आड आली नाही.

आजाराची जागतिक कहाणी थोडक्यात सांगायची तर ती शिकागोत सुरू होते. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात १९०४ मध्ये विचित्र वाकड्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष पेशीच्या कवचात नाही, तिच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. विद्युतप्रवाहात रुग्णाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकतं. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिळतात. नागपूरच्या काचपट्टीला न सुटलेलं कोडं या पद्धतीने सुटत होतं. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी फरक नेमका हेरला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलं होतं. पुढे जनुकाची भाषा वाचता आली तेव्हा कळलं की मुळात एकच अक्षर बदललंय.

मला यातली सगळ्यात देखणी चाल वाटते ती मात्र एका बालरोगतज्ज्ञ बाईची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काम करणाऱ्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये सहकाऱ्यांसह एक साधं निरीक्षण मांडलं. नवजात बाळांच्या रक्तात वाकणाऱ्या पेशी फार थोड्या असतात. त्याच बाळांना पुढे आजार होतो, पण पहिले काही महिने त्यांना काही होत नाही. म्हणजे बाळाच्या रक्तात त्याला जपणारं काहीतरी आहे. हे ‘काहीतरी’ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. पोटात असताना बाळ वेगळ्या घडणीचं हिमोग्लोबिन वापरतं. त्यात बीटा साखळी नसते, तिच्या जागी गॅमा असते. दोष बीटामध्ये असल्यामुळे गॅमा भरलेल्या पेशीचं काही बिघडत नाही. जन्मानंतर गॅमाचं काम ओसरतं, बीटाचं वाढतं, आणि सहा महिन्यांच्या पुढे-मागे बाळाचे हातपाय सुजू लागतात. आई म्हणते, कुठेतरी पडला असेल.

गॅमाचं काम मोजायचं कसं, याचं उत्तर अर्धं आधीच तयार होतं. गर्भातलं हिमोग्लोबिन अल्कलीला दाद देत नाही, हे १८६६ मध्येच नोंदलं गेलं होतं. १९५१ मध्ये सिंगर आणि चेर्नॉफ यांनी त्यावर मोजमापाची पद्धत बसवली. रक्तातलं हिमोग्लोबिन पाण्यात मोकळं करायचं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि घड्याळ लावून बरोबर एक मिनिट थांबायचं. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन तेवढ्यात मोडतं, तांबडा रंग जाऊन मळकट तपकिरी होतं. मग अमोनियम सल्फेट ओतून क्रिया थांबवायची आणि गाळायचं. गाळलेल्या पाण्यात जो गुलाबीपणा शिल्लक राहतो, तो गर्भातल्या हिमोग्लोबिनचा. तो रंग यंत्राने मोजला की टक्केवारी मिळते. एका मिनिटाचं सव्वा मिनिट झालं तर आकडा चुकला.

आज आपण ज्याला जनुकाची क्रियाशीलता मोजणं म्हणतो, ते हेच होतं. जनुक कुणी पाहिलेलं नव्हतं आणि ते कोणत्या गुणसूत्रावर आहे याचाही पत्ता नव्हता, तरी ते किती काम करतंय याचा आकडा परीक्षानळीत मिळत होता. १९५७ मध्ये क्लाइहाउअर आणि बेटके यांनी आणखी एक युक्ती काढली. रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून आम्लात बुडवला की मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि पेशीचं नुसतं फिकट कवच उरतं. ज्या पेशीत गर्भातलं हिमोग्लोबिन आहे ती मात्र गडद गुलाबी राहते. फिकट कवचांच्या गर्दीत मधूनच एखादी गुलाबी पेशी. सगळ्या रक्ताची एक सरासरी सांगण्याऐवजी ही काचपट्टी कोणत्या पेशीत जनुक जागं होतं आणि कोणत्या पेशीत नव्हतं, ते सांगत होती. हा फरक तेव्हा फारसा कुणी मनावर घेतला नाही. पुढे तोच महागात पडला.

१९७८ मध्ये बीटा जनुकाचा पत्ता लागला: गुणसूत्र ११. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींचा संकर करून, कोणतं मानवी गुणसूत्र उरलं की हे जनुक सापडतं, हे तपासत तपासत ते काम झालं. त्याच वर्षी वाय. डब्ल्यू. कान आणि अँड्री डोझी यांनी दाखवलं की या जनुकाच्या शेजारच्या डीएनएमधल्या एका खुणेवरून गर्भाची तपासणी करता येईल. १९८० मध्ये टॉम मॅनिआटिस यांच्या गटाने तो सगळा पट्टाच वेगळा काढून समोर मांडला. अकराव्या गुणसूत्राची लांबी सुमारे साडेतेरा कोटी अक्षरं. त्यातला हा पट्टा साठ-सत्तर हजार अक्षरांचा, गुणसूत्राच्या आखूड बाहूच्या टोकाशी. त्यावर पाच जनुकं ओळीने बसलेली आहेत: एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा.

ज्या क्रमाने ती गुणसूत्रावर बसली आहेत, त्याच क्रमाने आयुष्यात कामाला येतात. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, मग जन्मापर्यंत गॅमा, जन्मानंतर मुख्यतः बीटा आणि चिमूटभर डेल्टा. डीएनएवरची जागा आणि आयुष्यातली वेळ यांचा असा मेळ फार थोड्या ठिकाणी दिसतो. ओळीच्या आधी, बऱ्याच अंतरावर, डीएनएचा एक नियंत्रक तुकडा आहे. तो नसेल तर पाचांपैकी एकही जनुक धड काम करत नाही. फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या गटाने १९८७ मध्ये त्याचं सामर्थ्य दाखवलं. या तुकड्याची गाठ एका वेळी ओळीतल्या एखाद्याच जनुकाशी पडते, जणू गिरणीत एकच मुकादम आणि पाच पाळ्या. गॅमाची पाळी संपली की मुकादम बीटाकडे वळतो. निरोगी मोठ्या माणसात गॅमाचं हिमोग्लोबिन एकूणच्या एक-दोन टक्क्यांच्या आत येतं.

पण सगळ्यांत नाही. १९७२ मध्ये पेरिन या डॉक्टरने सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या ओअॅसिसांतले काही सिकलसेल रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. मोठेपणीही त्यांचा आजार फारसा त्रास देत नव्हता आणि त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर होतं. १९८६ मध्ये ओडिशातल्या बुर्ल्याचे बी. सी. कर आणि सहकारी यांनी तिथल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना केली, तर ओडिशातही तेच चित्र दिसलं. त्याच वर्षी आंद्रेआस कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी बीटा जनुकाभोवतीच्या खुणा मिळवून पाहिल्या. आफ्रिकेत या दोषाभोवती बेनिन, सेनेगल, बांटू अशा वेगवेगळ्या ठेवणी आढळतात. सौदी आणि भारतातल्या रुग्णांची ठेवण त्या सगळ्यांहून वेगळी निघाली. ती आता अरब-भारतीय म्हणून ओळखली जाते. तिच्यात गॅमा जनुकाच्या तोंडाशी एका अक्षराचा फरक आहे आणि त्या फरकाबरोबर गॅमाचं काम जन्मानंतरही पुरतं थांबत नाही. महाराष्ट्रातल्या रुग्णांतही बहुतेक हीच ठेवण सापडते.

हा दोष भारतात आपला आपण उपजला की आफ्रिकेतून आला, यावर वाद अजून मिटलेला नाही. कुलोझिक यांना तो आशियात स्वतंत्रपणे उपजला असं वाटलं. २०१८ मध्ये डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंच ताडून, सगळ्यांचं मूळ एकच आणि ते सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचं, असा दावा केला. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्येच आफ्रिकेत दाखवलं होतं, त्यामुळे मलेरियाच्या मुलखात तो टिकला यात कुणाला शंका नाही.

खरी गडबड इथून पुढे झाली. भारतीय सिकलसेलमध्ये गॅमा जागं असतं, गर्भातलं हिमोग्लोबिन पंधरा-वीस टक्क्यांवर राहतं, सबब भारतीय आजार सौम्य, असं समीकरण पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. ओडिशातल्या आणि सौदीतल्या मोजमापात खोट नव्हती. खोट होती ती आकड्यावरून माणसाचं दुखणं ठरवण्यात. मुलाची कंबर रात्रभर ठणकते, वर्षातून चार वेळा त्याला दवाखान्यात टाकावं लागतं, आणि पुस्तक म्हणतं की याला फार त्रास व्हायला नको. अशा वेळी डॉक्टरच्याही मनात येतं की पोर कांगावा करत असेल.

महाराष्ट्रात ज्यांनी हा आजार गावोगाव जाऊन मोजला त्यांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी पाड्यांत रक्त तपासत त्यांनी आयुष्य घालवलं आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये छापलेल्या त्यांच्या आढाव्यानुसार राज्यातल्या आदिवासींत या दोषाचं प्रमाण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास होतं, तर भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत वीस ते पस्तीस टक्के. सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत यवतमाळही होता, म्हणजे हिंगोलीचा नदीपलीकडचा शेजारी. नागपूर भागात हा आजार फक्त आदिवासींचा नाही हेही उघड झालं. अनुसूचित जातींत आणि कुणबी-तेली घरांतही तो आहे. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्ण आणि पालकांची संघटना उभी केली. २०१८ च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं.

मोजमापाची दुसरी बाजू मुंबईत सांभाळली जात होती. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली होती. तिथल्या रोशन कोलाह, दीपिका मोहंती, मलय मुखर्जी आदी संशोधकांनी पश्चिम आणि मध्य भारतातल्या रुग्णांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दक्षिण गुजरातच्या आदिवासींत आजार खरोखरच पुष्कळ सौम्य होता. पण त्यांच्यात आणखी एक गोष्ट होती. बीटाच्या जोडीने हिमोग्लोबिन घडवणाऱ्या, सोळाव्या गुणसूत्रावरच्या अल्फा जनुकांपैकी एखादं-दुसरं गळालेलं असणं त्या लोकांत सर्रास होतं. त्यामुळे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन थोडं पातळ राहतं आणि पेशी सहजी वाकत नाही. नागपूरच्या रुग्णांत ही सवलत कमी जणांच्या वाट्याला आलेली. बीटाच्या भोवतीची ठेवण दोन्हीकडे तीच होती, तरी आजार एकसारखा नव्हता.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाच्या डॉ. दीप्ती जैन यांनी परळच्या संस्थेबरोबर दाखल झालेल्या मुलांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या. २०१२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वेदनांचे झटके, तीव्र रक्तक्षय, ताप आणि जंतुसंसर्ग यांनी पुन्हा पुन्हा दवाखान्यात येणारी मुलं होती. सौम्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पुढे तिथेच जन्मतःच बाळांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा केला गेला. २०१६ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांतही हलका आणि जड, दोन्ही प्रकारचा आजार होता.

मग गर्भातलं हिमोग्लोबिन एवढं असूनही त्रास का? इथे क्लाइहाउअर आणि बेटके यांची ती काचपट्टी पुन्हा आठवावी लागते. वीस टक्के ही सरासरी आहे. प्रत्येक पेशीत वीस टक्के असेल तर गोष्ट एक. निम्म्या पेशींत चाळीस आणि निम्म्यांत शून्य असेल तरीही सरासरी वीसच येते, पण त्या शून्यवाल्या पेशी वाकायच्या तशा वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. तांबड्या पेशीत साधारण तीस पिकोग्रॅम हिमोग्लोबिन मावतं. त्यातलं दहाएक पिकोग्रॅम गर्भातलं असेल तर ती पेशी सुरक्षित, असा अलीकडचा हिशेब आहे. अल्कलीच्या नळीतून येणारा एक आकडा हे सांगत नाही. शिवाय मुलाला मलेरिया होतो का, न्यूमोनियाची लस मिळाली का, घरात खायला काय आहे, दवाखाना किती लांब आहे, यातलं काहीच कोणत्याही गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं.

जनुकांचं काम मोजण्याची कला एव्हाना पार पुढे गेली होती. २००२ मध्ये अमेरिकेत फिलिप काप्रानोव्ह, टॉम जिंजरस आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्र २१ आणि २२ यांच्या लांबीवर थोड्या थोड्या अंतराने डीएनएचे तुकडे काचेच्या चिपवर बसवले आणि अकरा प्रकारच्या पेशींत कुठे कुठे आरएनए, म्हणजे डीएनएची कामचलाऊ नक्कल, तयार होतो हे पाहिलं. जिथे जनुक नाही असं मानलं जात होतं तिथेही काम चालू होतं, आणि ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होतं. अकराव्या गुणसूत्राचा पूर्ण वाचलेला क्रम २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात वास ओळखणाऱ्या जनुकांची भलीमोठी फौज निघाली. गॅमाला जन्मानंतर झोपवणारा पहारेकरी मात्र अकराव्यावर नव्हताच. तो दुसऱ्या गुणसूत्रावर निघाला. बीसीएल११ए हे त्याचं नाव. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी तो काय करतो हे दाखवलं. हा पहारेकरी दूर झाला की गॅमा पुन्हा कामाला लागतं.

औषध त्याच्याही आधी आलं होतं, तेही आडवाटेने. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत बनलं आणि पुढे कर्करोगावर वापरलं जाऊ लागलं. ते दिल्यावर गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं हे १९८४ च्या सुमारास सिकलसेलच्या रुग्णांत दिसलं. १९९५ मध्ये सॅम्युअल चाराश यांच्या २९९ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. औषध घेणाऱ्यांना वर्षाला अडीच झटके, न घेणाऱ्यांना साडेचार. भारतात प्रश्न वेगळा होता. आमच्या रुग्णांत गॅमा आधीच अर्धवट जागं, मग औषधाचा उपयोग होईल का? आणि पाश्चात्त्य मात्रा इथल्या कमी वजनाच्या मुलांना झेपेल का? दीप्ती जैन यांनी नागपुरात किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम ही ठरलेली कमी मात्रा मुलांना देऊन पाहिली, एका गटाला औषध आणि एका गटाला नुसती बिनऔषधाची गोळी. २०१२ मध्ये निकाल आला. गर्भातलं हिमोग्लोबिन आणखी वाढलं आणि झटके, रक्त चढवण्याची वेळ, दवाखान्यात दाखल होणं, सगळं झपाट्याने कमी झालं. ज्या आजाराला सौम्य म्हणून सोडून दिलं होतं, त्यावर एवढा फरक पडण्याइतकं दुखणं शिल्लक होतं, हे त्या चाचणीने आपसूकच सिद्ध केलं.

२०२३ हे साल या कहाणीत जरा दाटीवाटीचं आहे.   १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली: चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य. आणि वर्षअखेरीस, नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने, जनुक कापून-जोडून केलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून बीसीएल११ए चा पहारा रक्तपेशींपुरता उठवतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं आणि मुख्य म्हणजे जवळजवळ सगळ्या पेशींत पसरतं. तेव्हाची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. जे काम अरब-भारतीय ठेवण निसर्गतः अर्धंमुर्धं करते, ते पुरतं करून देण्याचा हा भाव.

कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या टापूत किंवा हिंगोलीतल्याच सेनगावच्या एखाद्या वाडीवर यातलं काय पोचतं? पोचते ती सोल्युबिलिटी टेस्ट. बोटातून रक्ताचा थेंब, नळीत द्रावण, मागे रेघा ओढलेला कागद. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. इथेही १९५८ चीच अडचण आहे. वाहक आणि रुग्ण दोघांचीही नळी गढूळच होते. पुढचा नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे पॉलिंग यांच्या विद्युतप्रवाहाच्या तपासणीला, किंवा एचपीएलसी यंत्राला गेला तरच खरं कळतं. एचपीएलसीच्या कागदावर ए (मोठ्या माणसाचं), एफ (गर्भातलं) आणि एस (सिकलचं) अशा तीन हिमोग्लोबिनांचे आकडे छापून येतात. ए आणि एस दोन्ही असतील तर वाहक. ए जवळजवळ नाही, एस भरपूर आणि मधे एफ, तर रुग्ण. तो एफ म्हणजे गॅमाचं काम. आशाताई तपासणीसाठी घरोघर बोलवायला जातात तेव्हा लोक विचारतात ते या आकड्यांबद्दल नसतं. पोरीचं लग्न जमेल ना, हे विचारतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक, हे पटवून देणं कठीण नाही. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे पटवायला कितीतरी जास्त वेळ जातो.

हायड्रॉक्सियुरियाची पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. वीस किलोच्या पोराला दिवसाला दोनशे मिलिग्रॅम लागतं. त्यामुळे कुठे दिवसाआड कॅप्सूल देतात, कुठे आठवड्याचा हिशेब करून तीनच दिवस. औषध चालू असेतो ठरावीक दिवसांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजाव्या लागतात, कारण मात्रा जास्त झाली तर त्या खाली येतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी पुन्हा जायचं. दोन फेऱ्या चुकल्या की डॉक्टर औषध लिहायला कचरतात, आणि झटका आला की मूल परत वेदनाशामकाच्या सलाईनवर येतं.